अंगठ्याचा ठसा

सौंसर, रविवार संध्याकाळ

सहलीहून आली. कलाकारांच्या त्या छोट्या गावातून मातीचे सहा कप आणले. दुकानातली बाईच ते घडवते; एका कपावर तिच्या अंगठ्याचा ठसा होता. मी तो हातात फिरवून म्हटलं, "हा डागी आहे, दुसरा द्या." तिनं तो कप बाजूला ठेवला.

डागी? हा शब्द तर व्यापाऱ्याचा. आमच्या बगीच्यात तो संत्रं असंच हातात फिरवून पाहतो. बाबाही ते बाजूला ठेवतात.

आज बाबांनी कप पाहिले. म्हणाले, "साफ माल निवडला व पोरी."

डागी संत्री आम्ही घरीच खातो. मी दुकानातून निघाली तेव्हा ती बाई त्याच कपात चहा पिऊन राहिली होती, अंगठा बरोबर त्या ठशावर ठेवून.