‘सुरेखा’ वाणाची चाचणी

सिडको, छत्रपती संभाजीनगर

तीर्थस्वरूप इंद्रजीतमामा,

विश्वजीतचा साष्टांग नमस्कार. पाचगणीची थंडी ओसरली असेल आणि तुमचे गुडघे पुन्हा ऐकायला लागले असतील. मामींनाही नमस्कार. (पत्र त्यांच्या हाती पडणार नाही, एवढं बघावं.)

तुम्ही तयार केलेल्या आयरिस फुलांच्या तीन नव्या वाणांचे गड्डे दसऱ्याच्या सुमारास अंगणात लावले. मराठवाड्याच्या उन्हात टिकेल तोच वाण तुम्ही प्रदर्शनात मांडणार, म्हणून सूचना काटेकोर पाळल्या. गड्ड्याची पाठ उन्हाला उघडी, पाणी जेमतेम, लाड नाहीत. अडचण तुमच्या बहिणीची झाली. उघडा गड्डा आईला बघवेना. "इंदरला काय कळतंय? लेकरू उघडं टाकलंय," म्हणत ती माती ओढायची. मी ऑफिसातून आलो की माती काढायचो. (गल्लीला वाटे, हा आमचा घरगुती खेळ आहे.) त्यातून पाणी. आमच्याकडं नळ आठवड्यानं येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण नळ आला की साठवलेलं सगळं पाणी त्या क्षणी शिळं होतं आणि ते ओतायला जागा लागते, हे पाचगणीत ठाऊक नसावं. आधी आई ओतायची. मग शेजारचे कडुबाकाकाही बादल्या घेऊन यायला लागले. मी हात जोडले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. मुक्या जिवाला पाणी पाजलं की पुण्य लागतंय." तिघांतला 'दख्खन' दिवाळीनंतर सडला. 'सांजवेळ' संक्रांतीला. (या शहरात रोप बुडून मेलं, हे कुणाला सांगावं?)

मामींच्या नावाचा 'सुरेखा' मात्र जगला आणि फुलला. जांभळा, झालरीचा. रस्त्यानं जाणारे थांबतात. कारण शास्त्रीय आहे म्हणून लिहितो. पाटीवरचं नाव वाचल्यापासून आईनं त्या कोपऱ्याकडं पाहिलंच नाही. ताईच्या लग्नात आईनं दिलेली आहेराची साडी हातात घेऊन मामी "रंग बरा आहे" एवढंच म्हणाल्या होत्या, ते अजून संपलेलं नाही. तिनं माती ओढली नाही, पाणी घातलं नाही, कडुबाकाकांची बादलीसुद्धा अडवली. "तिला नका घालू. तिचं ती बघून घेती." थोडक्यात, तुमच्या सूचना पाळल्या त्या आईनं. आता भरवशाचा वाण आहे की आईचा राग, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही प्रदर्शनासाठी माझ्याकडून एक ओळ मागितली आहे. 'दुर्लक्षात उत्तम' चालेल का?

थोरांना नमस्कार. लहान तिथं कुणी नाही.

तुमचा भाचा,
विश्वजीत

ता. क. पुढच्या वाणाला बहिणीचं नाव द्यायला भावाला कुणी अडवलंय का, असं आई विचारते. पत्र खरं तर यासाठीच लिहायला बसलो. 'साळूबाई' फुलाला शोभेल का, यावर मी मत दिलेलं नाही. तुम्हीही देऊ नका. नाव द्या.

आणखी एक. काल शेजारणींनी फुलाचं कौतुक केलं, तेव्हा आई म्हणाली, "आमची सुरेखा हाय ती." राग गेला. आज नळ आलाय आणि आई भरली बादली घेऊन त्या कोपऱ्याकडं निघाली आहे. निकाल ताबडतोब जाहीर करावा.