रुबार्ब-कस्टर्ड आणि बेरिलची जीभ

६ फेब्रुवारी २०२२

बेरिलने दार इतकं बडवलं की उघडावंच लागलं! माझ्या बायकोची, जोनची, ही धाकटी बहीण. जोन गेल्यापासून फोन करायची, मी उचलत नव्हतो. आज दोन बस बदलून थेट दारात.

"क्लिफ, अरे तुझी पॅन्ट नुसत्या पट्ट्यावर टिकलीय! जेवतोस की नाही?"

सांगून टाकलं. कोविड गेला, जाताना नाक घेऊन गेला. मटण पुठ्ठ्यासारखं, चहा म्हणजे पुठ्ठ्याचं पाणी. खायचं तरी कशाला?

तिची नजर फडताळातल्या बाटल्यांवर गेली. वेपचं, म्हणजे विजेवरच्या सिगारेटचं, चवीचं पाणी मी घरीच बनवायचो. सिगारेट त्याच्यावरच सोडली. गल्लीतल्या निम्म्या लोकांनीही माझ्या रुबार्ब-कस्टर्ड चवीच्या पाण्यावरच सोडली. आता धूळ खात पडलंय सगळं. नाकाशिवाय काय मिसळणार?

"मला बनवून दे," ती म्हणाली. "मलाही सोडायचीय. नाक माझं, हात तुझे."

बेरिल सिगारेट सोडणार! शाळेपासून ओढतेय बाई.

१३ फेब्रुवारी

पहिली बाटली. ग्लिसरीन, अर्क, गोडीचे थेंब – सगळं आठवून आठवून. बेरिलने एक झुरका घेतला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकली.

"हे काय रे? म्हातारीच्या पर्सच्या तळाशी चिकटलेली गोळी!"

म्हणजे गोडी जास्त. हसलो. हसताना आपला आवाज कसा येतो तेच विसरलो होतो.

२० फेब्रुवारी

गोडी निम्म्यावर आणली. तरी बाईसाहेबांचा निकाल – "रुबार्ब कुठाय? नुसतं कस्टर्ड. आणि तेही शाळेच्या डब्यातलं!"

मग तिने येतानाच आणलेले आंबट रुबार्बचे, अळूच्या देठांसारखे लालचुटुक दांडे पिशवीतून काढले. खरं शिजवायचं, शेजारी ठेवायचं आणि चव जुळवायची, म्हणे. शिजवलं. "एकटी कशी खाऊ? घे." घेतलं. चव कसली नाहीच, पण आंबटाने जिभेच्या कडा चुरचुरल्या. काहीतरी जिवंत आहे तर आत! वाटी चाटूनपुसून संपवली.

२४ फेब्रुवारी

आज आपणहून अंडं उकडून खाल्लं.

६ मार्च

सापडलं! गोडीच रुबार्बला दाबून टाकत होती. शिवाय ती वेपमधल्या तापत्या तारेवर, कॉईलवर, जळून काळी खरपुडी धरते, मग प्रत्येक झुरका करपट लागतो. हे मला ठाऊक होतं, पण जोनच्या मागे डोकंच चालेनासं झालं होतं. आता गोडीचा एकच थेंब ठेवला आणि आंबटाचा एक घातला.

"हं," बेरिल म्हणाली.

तिच्या तोंडचं 'हं' म्हणजे पदकच.

"आणि सिगारेट?" मी विचारलं.

"हातसुद्धा लावला नाही!"

ऊर भरून आला. या वयात कुणाच्या तरी उपयोगी पडलो. खोकते मात्र अजून. निकोटिन उतरवतो.

१३ मार्च

कस्टर्ड मुरल्याशिवाय खुलत नाही. बाटली फडताळात, अंधारात ठेवली.

"मग पुढच्या रविवारी मी येऊन काय करू?"

"नको येऊस. मुरू दे."

"येणार. तू जेवायला कर काहीतरी."

मी! जेवायला!

२० मार्च

मटण भाजलं. बटाटे खाली लागले. बेरिलने करपलेलेच आधी उचलले. म्हणाली, हेच चांगले लागतात. देवा, ही बाई कुठून पाठवलीस?

३ एप्रिल

बाटली उघडली. बेरिलने झुरका घेतला. खोकली. मग खिडकीकडे वळली.

"क्लिफ, हेच. जोन असताना या घरात पाऊल टाकलं की हाच वास यायचा."

दोघंही रडलो. मला त्या वासातलं काही कळत नव्हतं, तरी रडलो. तिला आला ना, तेवढं पुरे. आभार कसे मानतात ते विसरलो होतो. आज मानले.

१९ एप्रिल

टोस्ट करपला आणि मला कळलं!! बघून नाही – नाकाने! कुत्र्यासारखा घरभर हुंगत फिरलो. साबण. कॉफीचा डबा. जोनची उशी – तिथे जरा बसलो.

बेरिलला फोन लावला आणि ठेवून दिला. रविवारी समोरासमोरच सांगतो. तिचा चेहरा बघायचाय!

२४ एप्रिल

बेरिल आली. सांगायचं म्हणून दारातच मिठी मारली. केसांना सिगारेटचा वास – ताजा, बसथांब्यावर आत्ताच विझवलेली. कोटाच्या कॉलरला जुना, वर्षानुवर्षांचा, घट्ट.

एक दिवसही सोडली नव्हती तिने.

तिचा कोट घेऊन खुंटीला टांगला. ती नेहमीसारखी टेबलाशी बसली, वेप उचलला, खोकायच्या तयारीने खांदे आवळले. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे आज. जेवू आधी."

"मग गोडी बरोबर झाली की नाही, कोण सांगणार तुला?"

"कळतं मला," मी म्हटलं.