फक्त पाणी घालावे

२८ एप्रिल १९९६, रविवार. सकाळी ७.१०
नमिता आणि प्रतिक्षा रोह्याला गेल्याला आज आठ दिवस. सुट्टी आहे, तिचं माहेर आहे, जाणारच. जाताना नमिता शिलाई मशीनही टेम्पोत घालून घेऊन गेली. तिथे काही शिवायचं असेल.
घर शांत आहे. मला विशेष काही वाटत नाही.

३० एप्रिल
नमिता का कंटाळली याचा विचार केला. कंपनी बंद झाल्यापासून, म्हणजे सव्वा वर्ष, मी घरात असल्यामुळे तिला माझी मदतच झाली आहे. खरा दोष स्वयंपाकघराचा. तिथे सिस्टिम नाही. तेवीस डबे, एकावरही लेबल नाही. तिला म्हणे जागेवरून कळतं. अशाने ती चार दिवस नसली तर घर बंद पडेल.
अकरा वर्षं स्टोअरकीपर होतो. दुपारपर्यंत सगळी लेबलं लावली. पांढऱ्या पावडरी पाच निघाल्या. तीन ओळखल्या, दोन अनुभवावरून ठरवल्या. चाखून बघायचा प्रश्न नाही. स्टोअरमध्ये माल कोणी चाखत नाही.

२ मे. रात्रीचं जेवण: पाव
कल्पना सुचली. प्रतिक्षाचा दहावा वाढदिवस १६ जूनला, रविवारी. तोवर केकचं तयार मिक्स करायचं. मैदा, पिठीसाखर, दूध पावडर, बेकिंग पावडर, डालडा चोळून डब्यात बंद. फक्त पाणी घालावे. सगळं घरातच आहे. नमिताला असा डबा भरून दिला की तिचा निम्मा ताण कमी. मग ती येईलच. म्हणजे येणार आहेच, पण लवकर येईल.
उद्या पहाटे पाचला उठून सुरुवात.

३ मे. सकाळी ९.४०
उठलो. पाचची वेळ केकला आवश्यक नाही असं लक्षात आलं.
मिठागरावरचा कान्हू गोणीभर खडेमीठ टाकून गेला. पातेल्यात वाळूऐवजी मिठाचा थर देऊन त्यावर केकचा डबा ठेवायचा आहे. पेणात राहून वाळू कशाला शोधायची? कान्हू शाळेपासूनचा मित्र. म्हणाला, आमच्या हापिसात लिवणारा मानूस पायजे, तू येतोस का, शेठना सांगून ठेवलंय. नमिताही जाताना असंच काही म्हणाली होती. काम बघा, मगच मला न्यायला या. पण तिचा रोख एवढ्या लहान कामाकडे नसावा. कान्हूला सांगितलं, सध्या मी एका प्रोजेक्टमध्ये आहे, जूनमध्ये बघू.

५ मे
पहिला केक. फुगला. रंग हळदीसारखा पिवळा आला, तोही अंडं न घालता. हे यशच म्हणायचं.
चव थोडी वेगळी आहे. अर्धा शेजारच्या गिरजाबाईंना दिला. त्या आणि नमिता मिळून पोह्याचे पापड करतात. संध्याकाळी त्यांनी ताटली परत केली, केकसकट. म्हणाल्या, भावजी, ह्याला साबनाचा वास हाय, पोरांनी तोंडात धरला नाय.
पोरांना सवय नाही. साखर वाढवणे.

९ मे
साखर दुप्पट. साबण गोड झाला.

१० मे
मैद्यात भेसळ असणार. वाण्याला जाऊन सुनावलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचा गूळ जोखायला लागला. चूक पकडली की माणूस असाच कामात शिरतो.

१४ मे
गिरजाबाई पापडखार मागायला आल्या. नमीने आनून ठेवलेला हाय, उद्या शंभर पापडांची आर्डर हाय. मी लेबलं बघून सांगितलं, आपल्या स्टॉकला पापडखार नाही. त्या सरळ आत गेल्या, दुसऱ्या फळीवरचा तिसरा डबा काढला, बोट लावून चाखला. डब्यावर लेबल होतं ‘बेकिंग पावडर’. म्हणाल्या, पापड लाटणारीच्या घरात ऱ्हाता ना भावजी?
म्हणजे लेबल बरोबर होतं. आतला माल चुकीचा होता.
जाता जाता त्या म्हणाल्या, नमीला फोन करा की, रोह्याला तिच्या चुलतीच्या घरी फोन हाय. म्हटलं, केक जमला की स्वतःच जाणार आहे.

२० मे
खऱ्या बेकिंग पावडरची डबी आणली. केक चांगला झाला. खरंच चांगला. मधून मऊ, वर तपकिरी. दारात उभं राहून एकट्यानेच निम्मा खाल्ला. आनंद व्हायला हवा होता. बराच वेळ वाट बघितली, झाला नाही.

२ जून
मिक्सचे सहा डबे तयार. प्रत्येकावर लेबल, तारीख आणि सूचना.
कान्हू भेटला. जागा भरली. वडखळचा कोणी मुलगा घेतला. कान्हू म्हणाला, तुझी लई वाट बघितली रं. ठीक आहे. ते काम माझ्या योग्यतेचं नव्हतंच.

१० जून, सोमवार. दुपारी
शाळा उघडायला आल्या. प्रतिक्षाची पुस्तकांची यादी आणायला शाळेत गेलो. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, तिचा दाखला तिची आई मे महिन्यातच घेऊन गेली, तुम्हाला ठाऊक नाय का?
म्हटलं, ठाऊक आहे.
बहुधा लॅमिनेशन करायला नेला असेल.

१३ जून
शाळा सुरू झाली. दप्तरं घेऊन मुलं दारावरून गेली. दारात उभा होतो. गिरजाबाईंनी विचारलं, काय बघताव? म्हटलं, काही नाही. खरंच काही बघत नव्हतो.
रविवारी रोह्याला जायचं. केक आणि मिक्सचे सहा डबे न्यायचे. दोघींना घेऊनच परतायचं. परतीची तीन तिकिटं.

१६ जून, रविवार. रात्री ८
जाऊन आलो.
एसटीत केक मांडीवर धरला होता. निडीपर्यंत उभाच, पुढे जागा मिळाली. केक फुटला नाही.
मेहुण्यांकडे फुगे लावले होते. टेबलावर बेकरीतला केक, गुलाबी, वर प्रतिक्षाचं नाव. तोच कापला. माझा फ्रीजवर ठेवला. नंतर प्रतिक्षाने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, छान झालाय हं बाबा. कुणी शिकवलं असावं तसं. तिचा नवा युनिफॉर्म खुंटीला होता, नमिताने शिवलेला.
मिक्सचे डबे दिले. नमिताने लेबलं नीट वाचली, सहाही. म्हणाली, व्यवस्थित केलंय. परत येण्याचा विषय मी काढणार होतो. मेहुण्यांनी विचारलं, तुमची शेवटची गाडी कितीची?
मग नमिता चहा करायला उठली. दारात थांबली आणि मला विचारलं, साखर किती घालू?
बारा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.
दोन चमचे, म्हणालो.