डॅडसाठी डाव्या हाताचा कीबोर्ड

३ जून
पक्षाघातात डॅडचा उजवा हात गेला, जीभ जड झाली. तरी गावची जेट्टी पाडू नका म्हणून पेपरला पत्र लिहायचंच म्हणतात. पाडायची की नाही, यावर कौन्सिलचं मतदान बावीस ऑगस्टला. बहीण जनीन म्हणाली, डॅड, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. मी साफ नाही म्हटलं. डॅडनी जन्मभर स्वतःची पत्रं स्वतः टाईप केलीत. मी त्यांना डाव्या हाताचा कीबोर्ड बनवून देणार, अगदी आतल्या सर्किट बोर्डापासून. दोन वीकएंडचं काम.

१९ जून
डिझाइन चालू. विकतचा का नाही आणत, इति जनीन. विकतच्यात माया नसते.

७ जुलै
डिझाइन अजून चालू. डॅड मला म्हणाले, अरे रस, पोरा, पत्र लिहायचंय मला, विमान नाही उडवायचं. हसलो. लागलं मात्र.

१५ जुलै
ऑर्डर गेली. पाचाच्या खाली बोर्ड देत नाहीत. उरलेल्या चारांना मागणी येईलच.

२ ऑगस्ट
बोर्ड आले. जांभळे. काय देखणे! सगळी बटणं सोल्डर केली, बोट भाजलं.
हात ठेवला तर अंगठ्याची बटणं करंगळीखाली. मांडणी मी बोर्डाच्या मागून बघून केली होती! उलटा करावा तर बटणांच्या पायांना भोकं जुळेनात. पाचही बोर्ड उजव्या हाताचे. डॅड म्हणाले, मग त्या हाताला दे, रिकामाच आहे तो.
जनीन कागद-पेन घेऊनच आली होती. डॅड तिला म्हणाले, पोरगा करतोय ना, करू दे.

६ ऑगस्ट
नवी ऑर्डर, तातडीची. आठवड्यात येणारच.

२१ ऑगस्ट
पार्सल ॲडलेडला अडकलंय. मतदान उद्या. पण कौन्सिलवाले असल्या गोष्टी नेहमीच पुढे ढकलतात.

२२ ऑगस्ट
ढकललं नाही. पाडायचं ठरलं, पाच विरुद्ध चार. एका पत्राने काय फरक पडला असता म्हणा. जनीन माझ्याशी बोलत नाही.

५ सप्टेंबर
बोर्ड आले. डाव्या हाताचेच! दुपारपर्यंत जोडून डॅडच्या मांडीवर कीबोर्ड ठेवला. खिडकीतून जेट्टीवरची क्रेन दिसत होती, म्हणून पडदा ओढला. डॅडनी एकेक बटण शोधत लिहिलं: आता कुणाला लिहू, बाळा?
मला तिथे उभं राहवेना.
एकही अक्षर चुकलं नव्हतं.