चूल का विझली

अर्धी गोष्ट सांगून मरायची काय रीत झाली? साहेब, अक्षरं तुमीच शिकवली म्हणून लिहितेय. वाकडी आली तर नाव तुमचंच जाईल.

आंदर मावळातनं येऊन मी तुमच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर स्वयंपाकाला राहिले, तवा तुमी नौदलातनं निवृत्त झाला होता. आधी जहाजावर हुकूम चालवला, मग जमिनीवर अतिरेक्यांच्या मागावरच्या तुकडीचे मोठे साहेब. त्याचं पदक भिंतीवर. भाऊबीजेला मी ताट घेऊन आले, तर तुमी पाटावरनं उठला.

"कशाबद्दल ओवाळतेस?"

"भाऊ म्हणून. आन् त्या पदकाबद्दल. बसा गुमान."

बसला न्हाई. उभ्या उभ्याच सांगायला लागला. खाडीकाठी एक घर. आत बंदूकवाले, आन् त्यांनी धरून ठेवलेली घरधनीण. कौलांतनं धूर येतोय, म्हणजे बाई रांधतेय, जिवंत हाय. म्हणून तुमी माणसं थोपवून धरलेली. दुपारी धूर थांबला. जहाजावर भटारखान्याची आग विझली म्हणजे कायतरी बिघडलं, एवढंच तुमाला ठावं. तुमी आत घुसायचा हुकूम दिला.

मी म्हणलं, "भात झाला म्हणून तिनं लाकडं मागं ओढली असतील तर?"

तुमी पाट उचलून भिंतीला लावला.

"पुढं? बाई वाचली का?"

"वरण उतू जातंय, बघ जा."

वरण चुलीवर नव्हतंच.

त्या दिवसापासनं जेवणं झाली की तुमी स्टूल घेऊन माझ्या चुलीपुढं बसायला लागला. मी लाकडं ओढते, धूर बारीक होतो, तुमी कौलांकडं बघताय. "राहू दे जरा," म्हणताय. मग मी रिकाम्या चुलीत काटक्या सारते. सरपण फुकट जायचं. तुमचंच होतं, जाऊ दे. मी पुन्हा विचारलं की तुमी उठून पोर्चात जायचा. एक दिवस तसेच कायमचे गेला.

आता घरी माझी सून गॅसवर रांधते. कान पिळला की बंद, धूर न्हाई नि राख न्हाई. तरी माझ्या डोक्यात ती बाई हायच. भात झाला होता का? लाकूड ओलं निघालं? का आधीच तिचं काय झालेलं? आन् त्या मेल्यांना तिनं रांधलं तरी काय?

हा कागद तांदळाच्या डब्याखाली सारते. खरं उत्तर आलं तर मला ते ऐकवंल असं न्हाई. तरी सांगून ठेवते. तुमी तोंड उघडायचं न्हाई, साहेब. ती बाई तवा वाचली असंल नसंल, आता तुमी हाय तितंच आली असंल. तिला म्होरं बसवा. चूल का विझली, ते तिनं सांगायचं.