पी.टी.ची नोंद

२ सप्टेंबर, सातारा

'पी.टी.' माझ्याच वाट्याला आली! संक्षेपकोशाच्या 'प'मधल्या नोंदी वाटल्या तेव्हा मी रजेवर होते, माधवनगरला वडिलांकडे, अण्णांकडे. गैरहजर माणसाच्या गळ्यात दुसरं काय पडणार? विष्णुपंत म्हणाले, "सुंदरीबाई, सोपी आहे हो, अर्ध्या पानाचं काम." संपादकांना सगळंच अर्ध्या पानाचं वाटतं. सकाळपासून बघतेय — रसायनशास्त्रात प्लॅटिनम. भौतिकीत दाब आणि तापमान. भूशास्त्रात पर्मियन आणि ट्रायासिक या दोन कालखंडांमधली सीमा. तिथं म्हणे समुद्रातले बहुतेक जीव संपले. आणि माझ्या पगाराच्या स्लिपवर व्यवसाय कर! दोन अक्षरं, आणि हक्क सांगणारे किती!

शारीरिक शिक्षण मुद्दाम शेवटी ठेवलंय. ते लिहायला बसलं की अण्णांची शिट्टी ऐकू येते.

३ सप्टेंबर

डोकं दुखतंय. एक ओळ नाही.

७ सप्टेंबर, माधवनगर

बसमध्ये गणपतीची गर्दी. कराडपर्यंत उभी होते. पाय सुजलेत.

अण्णा आहेत तसेच. जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवा पाय लुळा पडला, तेव्हापासून खाट नि खुर्ची. तीस वर्षं ज्या माणसाने अख्ख्या शाळेला मैदानावर पळवलं, तो संडासला जाताना शालूबाईंचा खांदा धरतो. परवा शिक्षकदिनाला जुने विद्यार्थी हार घेऊन आले होते. शालूबाई सांगत होत्या, "सर भिताडाकडं तोंड करून निजले, ताई. पोरं हिरमुसली." या शालूबाई दिवसभर अण्णांचं सगळं बघतात. त्या आहेत म्हणून मी साताऱ्यात नोकरी करू शकते.

रक्त किती वेळात गोठतं ते बघायची तपासणी केली. तिचंही नाव पी.टी.! हसू आलं नाही. रिपोर्ट वाईट आहे. रक्त पातळ करायची गोळी लागूच पडत नाहीये. डॉक्टर म्हणाले, "डोस वाढवू. पुन्हा गुठळी झाली तर मात्र—"

८ सप्टेंबर

चष्म्याच्या डबीत गोळ्या सापडल्या. मूठभर!

शालूबाई रोज सात वाजता गोळी हातावर ठेवतात, शेजारी पाणी ठेवतात आणि घरी जातात. अण्णा गोळी डबीत टाकतात. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "दिवस मावळल्यावर मी तोंडात काय घालत न्हाई. चातुर्मासाचा नियम घेतलाय."

"अहो, मग आधी सांगायचं नाही का?"

"कुणी इचारलं?"

खरंच, कुणी विचारलं नाही. आमच्या घरात नियमाला 'का' विचारायची पद्धतच नाही. आईही असाच उपासाचा नियम पाळता पाळता गेली. डॉक्टरांना फोन केला. जुनाच डोस ठेवा, पाच वाजता द्या, म्हणाले. सुटले एकदाची!

११ सप्टेंबर, सातारा

शालूबाईंचा फोन. "ताई, आज उपास हाय म्हनं सरांचा. पान्याचा थेंब न्हाई घेतला." आम्हा जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चालू आहे, बरोबरच आहे. काल मौन होतं, म्हणून गोळीला मानेनेच नकार. परवा एकाशन — दुपारी एकदा जेवले, मग दिवसभर काही नाही.

नोंद तिथंच अडकलीय. विष्णुपंत रोज टेबलापाशी येऊन खाकरतात.

१४ सप्टेंबर, माधवनगर

बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन उपाध्यांना विचारलं. "आजारी माणसाला औषधाची मोकळीक असते की अक्का! त्यांना म्हाईत न्हाई व्हय?" घरी येऊन अण्णांना सांगितलं. म्हणाले, "मला मोकळीक नको."

असला हट्टी माणूस! आयुष्यात कधी पहिल्या रांगेत बसून पूजा केली नाही, मैदानावरच असायचे. आता म्हातारपणी ही कडक भक्ती.

२१ सप्टेंबर, माधवनगर

पर्व संपलं, पण रिपोर्ट तसाच. एकाशन अजून चालूच आहे म्हणे.

आज मी ओरडले. अण्णांवर! जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, मी दमलेय. शनिवारी यायचं, रविवारी परत जायचं, पाय सुजतात, झोप नाही. धर्म करा, पण मला एवढं तरी सांगा, तुम्ही गेलात तर मी शनिवारी कुठं जाऊ? मला दुसरं कोण आहे?

शालूबाई आत भांडी घासत होत्या, त्यांनी नळ बंद केला. मग मलाच लाज वाटली आणि मी चहा टाकायला गेले.

२२ सप्टेंबर

सकाळी अण्णा आपणहून म्हणाले, "ते तुझं पी.टी. वाच बघू."

वाचलं. प्लॅटिनमपासून सगळं. समुद्रातल्या जिवांचं दोनदा वाचायला लावलं. "सगळे गेले?" "बहुतेक. काही राहिले." "हूं." शारीरिक शिक्षणाशी आल्यावर भडकले. "'शाळेतील कवायतीचा तास'? एवढंच? अगं, त्या तासाला गणितात नापास झालेलं पोरगंबी पयला यायचं. ते लिव्ह की!" कोशात तसं लिहिता येत नाही, असं सांगितलं, तर म्हणाले, "मग कशाला काढता कोश?"

जूनपासून एवढं बोललेले आठवत नाही. गोळी मात्र घेतली नाही. एकाशन.

२५ सप्टेंबर, सातारा

नोंद दिली. पाऊण पान झाली. अण्णांचं वाक्य जरा घासूनपुसून घातलंय, विष्णुपंत बहुधा काटतील. काटू देत.

२८ सप्टेंबर, माधवनगर

बस उशिरा पोचली. दिवस मावळून गेला होता. अण्णा दिवा लावून खुर्चीत बसलेले, आणि पाच वाजताची गोळी तळहातावर तशीच. मी पिशवी ठेवली आणि भिंतीला टेकले. भांडायला त्राणच नव्हतं.

म्हणाले, "पाणी आण, अक्का."

"दिवस मावळलाय, अण्णा. तुमचा नियम—"

"नियम मी घेतलाच न्हवता. जगायचं न्हवतं मला. देवाचं नाव घेतलं की घरात कोण पुढं इचारत न्हाई."

आणि गोळी तोंडात टाकली. मी पाणी दिलं. ग्लासभर प्यायले.