नखंसुद्धा होती

वाडी, नागपूर
शनिवार, ११ एप्रिल

ती. प्रयागआत्यास,
मिनलचा वाकून नमस्कार.

तू बरी असशील. गुडघा कसा आहे? तिकडे बेसाले पाण्याचा टँकर वेळेवर येते का? मी मजेत आहे. एकाच शहरात राहून पोस्टानं पत्र पाठवून राहिली म्हणून हसशील, पण फोन तू उचलत नाहीस. अन् मागच्या महिन्यात आली तर वहिनीनं दारातूनच सांगितलं, "आई झोपल्या." आतून तुझी बांगडी वाजली. असो.

रायपूरचं मंडपाचं काम सोडलं, तुले माहीत नसेल. मंग सीताबर्डीले मोबाइलच्या कव्हरच्या दुकानात होती, तेही सोडलं. आता इथे गोदामात पार्सलवर स्टिकर लावते. परवा एक पोतं फुटलं, भिवापूरची मिरची सांडली, सगळं गोदाम शिंकून राहिलं होतं. सुपरवायझर शिंकत शिंकत शिव्या देऊन राहिला होता, अन् शिवी अर्ध्यातच तुटत होती. हसून हसून माझं पोट दुखलं. पण मले लिहायचं होतं वेगळंच. दिवाळीबद्दल मात्र काही लिहायचं नाही, असं ठरवून बसली आहे.

लिहायचं होतं अंड्यांबद्दल.

माझे घरमालक, शालिकराम काका, त्यांची कोंबडी जिन्याखाली टोपल्यात खुडूक बसली होती. दाणे टिपायले उठली अन् मागं येणाऱ्या ट्रकखाली गेली. काका म्हणे, "अंडे फेकून दे वं पोरी. आता ते ना खायच्या कामाचे, ना कशाच्या." मी थर्माकोलच्या डब्यात कापूस घातला, वर बल्ब लावला, वाटीभर पाणी ठेवलं. अन् कोळशाचा तुकडाही ठेवला. तू गावी ठेवायची ना, गडगडाटानं आतलं पिल्लू दचकू नये म्हणून.

काका हसले. "बल्बाखाली कोळसा! कोनं शिकवलं वं हे तुले?"

"आत्यानं. ते सुईण होती गावातली."

काल तीन पिल्लं आपापली निघाली. दोन अंडी राहिली. त्यातलं एक कालपासून आतून ठोकत होतं. कवचाले बारीकशी फट पडली होती, बस, तेवढीच. मी कानाशी धरलं. टक, टक, मंग थांबायचं, मंग टक. मले तुझं बोलणं आठवलं. मी लहानपणी तुझ्या टोपल्यातलं अंडं सोलायले गेली तेव्हा तू माझा हात झटकला होता. "ठोकून राहिलं ना? मंग त्याचं त्याले येऊ दे. हात लावशील तं मरते."

म्हणून मी हात लावला नाही. डब्यापाशी बसून राहिली. कामावर पण नाही गेली.

आज सकाळी आवाज बंद होता. मी कवच काढलं. मान उलटी वळली होती, चोच चुकीच्या बाजूले. फट पाडली होती, पण पुढं सरकायले जागाच नव्हती त्याले. बाकी सगळं होतं, आत्या. ओले पंख, पापण्या. नखंसुद्धा होती.

थांब, डबा पाहून येते.

आली. "नखंसुद्धा होती" हे वाक्य माझं नाही, तुले माहीत आहे कोणाचं ते. आई दर वर्षी माझ्या वाढदिवसाले पोळ्या लाटता लाटता म्हणते, "सगळं होतं त्याले. नखंसुद्धा होती." मले ओवाळते अन् त्याच्यासाठी रडते. नाल्याले पूर होता, जीप आली नाही, घरात तू एकटी. आम्ही जुळे. मी आधी निघाली. माझ्यामागचा निघाला तो निळा.

आई कधी म्हणते, "प्रयागनं हात घातला म्हणून गेलं माझं पोरगं." कधी म्हणते, "प्रयागनं वेळेवर हात घातला असता तं वाचलं असतं." दोन्ही म्हणते, एकाच तोंडानं. तेव्हापासून तू आमच्या उंबऱ्यात आली नाहीस, अन् ते कामही सोडलं. बारशाले कोणी बाळ द्यायले आलं की तू दोन्ही हात पदरात घेते अन् पाणी आणायले निघून जाते. सगळ्यांनी पाहिलं आहे. बोलत कोणी नाही.

आता दुसऱ्या अंड्याचं सांगते. तेही आज ठोकायले लागलं, फट पडली, अन् मंग गप्प. माझ्या अंगात काय शिरलं काय माहीत. नखानं कवच उचकटायले लागली. काका दारात उभे.

"अवं काय करून राहिली? अजून वेळ असंल त्याले!"

"सकाळच्याले वेळच देत बसली होती ना मी!"

खाली कांद्याच्या पापुद्र्यासारखी झिल्ली, त्यात लाल दोरे. माझं नख लागलं अन् रक्त आलं. मोठा थेंब. अंगठ्यावर गरम. आतून ते किंचाळलं, लहानसं.

मी थांबली. बोट तसंच दाबून धरलं.

"आता?" काका म्हणे.

"आता थांबते."

"अन् मेलं तं?"

तेवढ्यात लाइन गेली, बल्ब विझला. मी कोमट पाण्यात चिंधी भिजवून झिल्लीवर ठेवली, अंडं ओढणीत गुंडाळून पोटाशी धरून बसली. ते पोटाशी हलत होतं. तिथंच मले कळलं, आत्या, की कालपासून मी दोन्ही करून बसली. एकाले हात लावला नाही, ते गेलं. एकाले लावला, त्याचं रक्त काढलं. अन् दोन्ही वेळा मले खरंच वाटत होतं की हेच बरोबर आहे.

म्हणून आता दिवाळीचं लिहितेच. मी तुझ्याकडे आली होती, तू माझ्या पाठीले उटणं लावत होती. मी विचारलं, "आत्या, माझ्यामागचा आत हलत होता का वं? तुझ्या हाताले लागलं असंल ना?" तुझे हात थांबले. पाणी आणते म्हणून गेली ती परत आलीच नाहीस. उटणं पाठीवर वाळलं.

मी तुझ्यावर आळ घ्यायले नव्हतं विचारलं. मले दुसरंच जाणून घ्यायचं होतं. मी वाटेत आडवी होती का, म्हणून तो अडकला का. लहानपणी एकदा आजीच्या तोंडून ऐकलं होतं, "हे पोरगीच घुसली पुढं." तेव्हापासून ते ठोकणं मले ऐकू येते. ट्रकचं इंजिन थंड होताना, नळ गळताना, भिंतीत. गाव बदललं की चार दिवस शांत राहते, मंग तिथंही येते. रायपूर त्याच्यामुळंच सोडलं. मंडपवाला चांगला माणूस होता.

आज पोटाशी अंडं धरून बसली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, तुलेही ते येत असेल ऐकू. माझ्याहूनही जवळून. तुझ्या तर हातालेच.

उन्हं उतरताना पिल्लू निघालं. रक्त आपोआप थांबलं होतं. एक पाय वाकडा आहे, उभं राहते अन् कलंडते. जगेल का, माहीत नाही. काका म्हणे, "नाही जगणार." पण स्वतःच कणी भिजवून घेऊन आले.

पुढच्या रविवारी मी त्याले घेऊन बेसाले येते. उत्तर मागायले नाही. तो प्रश्न मी परत घेतला. फक्त ते तुझ्या तळहातावर ठेवायचं आहे, तेव्हा पाणी आणायले जाऊ नको. हात पदराबाहेर काढ.

अन् घाबरू नको, आत्या. मी दार ठोकणार नाही. खालूनच तुले नावानं हाक मारीन.

तुझ्या हातांत पहिल्यांदा रडलेली,
मिनल